वेळ कोणाचा? ख्रिस्ती माणसाला वेळेविषयी वारंवार पडणारे प्रश्न

आमच्या मंडळीत बायबल अभ्यासाचा वर्ग घेताना, घरोघरच्या प्रार्थनासभेनंतर चहा घेताना, कधी कुणाला दवाखान्यात भेटायला गेल्यावर वेळेविषयीचे प्रश्न हमखास निघतात. विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, नर्सबाई असतात, रिटायर झालेले मास्तर असतात. जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं देताना शास्त्र, म्हणजे बायबल, हाताशी ठेवलं आहे. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं आहे असं समजावं.

प्रेषित पौल ‘वेळेचा सदुपयोग करा’ म्हणतो. म्हणजे दिवसात जास्तीत जास्त कामं उरकायची का?

नाही. इफिसकरांस पत्राच्या ५:१६ मधलं हे वाक्य आपण भिंतीवर लावतो, पण त्यातले दोन शब्द जवळून बघायला हवेत.

ग्रीक भाषेत वेळेला दोन शब्द आहेत. ‘क्रोनोस’ म्हणजे घड्याळात मोजतो तो वेळ. ‘कैरोस’ म्हणजे योग्य घडी, संधी. शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पेरणीचा वाफसा तीन-चार दिवसांचा असतो. तो गेला की कॅलेंडरात कितीही दिवस उरले तरी उपयोग नसतो. पौलाने इथे ‘कैरोस’ वापरला आहे. तो तास मोजायला सांगत नाही, घडी ओळखायला सांगतो.

दुसरा शब्द क्रियापदाचा. मराठीत आपण ‘सदुपयोग करा’ म्हणतो, पण मूळ शब्दात ‘अगोरा’, म्हणजे बाजारपेठ, दडलेली आहे. अर्थ होतो: बाजारातून विकत घेऊन सोडवा. हेच क्रियापद पौल गलतीकरांस ३:१३ मध्ये ख्रिस्ताविषयी वापरतो. त्याने आपल्याला शापातून मोल देऊन सोडवलं, असं तो तिथे सांगतो. तेव्हा संधी सोडवून घ्यायची तर काहीतरी मोजावं लागणार. कुणाची झोप, कुणाची मालिका, कुणाचा ओव्हरटाइम, कुणाचा मान. ‘वेळ मिळाला की करू’ असं आपण म्हणतो, तेव्हा वेळ फुकट मिळेल या आशेवर असतो. तो तसा मिळत नाही.

आणि ‘दिवस वाईट आहेत’ हे कारण पौल जोडतो. दिवस आपोआप चांगल्या दिशेने वाहत नाहीत. काही न करता सोडून दिलेली संध्याकाळ बहुतेक वेळा प्रार्थनेकडे वळत नाही, हे आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचं आहे.

मग वेळापत्रक आखणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं का?

मुळीच नाही. याकोब ४:१३-१५ मध्ये व्यापाऱ्यांना फटकारलंय, पण बेत केल्याबद्दल नव्हे. उद्याचा दिवस आपल्या खिशात आहे अशा थाटात ते बोलत होते, त्याबद्दल. ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे शब्द मनापासून म्हणून जरूर वही उघडा आणि बेत लिहा. आमच्याकडची जुनी माणसं पत्रात गावी येण्याची तारीख लिहिताना हे शब्द आधी लिहायची. ती सवय मोडू नये असं मला वाटतं.

सकाळी प्रार्थनेला वेळच होत नाही. डबा, मुलांची शाळा, मग लोकल. काय करावं?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात. त्यांच्या आवाजात अपराधीपणा असतो. म्हणून आधी हे सांगतो: पहाटे पाच ते सहा गुडघे टेकले तरच प्रार्थना मोजली जाते, असं शास्त्रात कुठेही नाही.

मार्क १:३५ दाखवून काहीजण पहाटेचा नियम करतात. तो शास्त्रभाग पूर्ण वाचा. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमात सारं गाव दाराशी लोटलं होतं. येशूने अनेकांना बरं केलं. पहाटे अंधार असतानाच तो एकांतात गेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला आणि म्हणाला, सगळे तुम्हाला शोधत आहेत. म्हणजे कालच्यासारखी गर्दी पुन्हा जमली होती, कामं वाट बघत होती. येशू काय म्हणाला? आपण दुसऱ्या गावांना जाऊ. दाराशी आलेल्या प्रत्येक गरजेला ‘हो’ म्हणायचं नाही, पित्याने कशासाठी पाठवलंय ते बघायचं, हे त्या एकांतात ठरलं होतं. मला या भागात पहाटेच्या घड्याळापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

तुमचा एकांत कुठे आहे ते शोधा. एक ताई विरारहून चर्चगेटला जातात. बसायला जागा मिळाली की डोळे मिटून एक स्तोत्र मनात म्हणतात आणि मग घरच्या एकेकाचं नाव घेतात; नालासोपारा, वसई, नायगाव येईपर्यंत घरचे होतात, पुढे शेजारी आणि ऑफिसचे. दुसऱ्या एक बाई पोळ्या लाटताना प्रत्येक पोळीमागे एका माणसासाठी प्रार्थना करतात. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथोलिक गावांत दिवसातून तीनदा चर्चची घंटा वाजते. जुनी माणसं हातातलं काम थांबवून दूताने मरीयेला दिलेल्या निरोपाची प्रार्थना म्हणतात. मिनिट-दोन मिनिटांचा थांबा, पण त्याने दिवसाला तीन खुंट्या ठोकल्या जातात. मी प्रॉटेस्टंट घरातला, तरी ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

एक मात्र घरातल्या पुरुषांना सांगायचं आहे. बायकोला शांत वीस मिनिटं मिळावीत म्हणून डबा भरणं, मुलाला तयार करणं, हीसुद्धा उपासना आहे. ती करा.

मोबाईलवर बायबलच वाचतो, वचनं पाठवतो. तरी वेळ वाया जातो असं का वाटतं?

कारण वचन पाठवणं आणि वचनात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी दहा ग्रुपवर शुभेच्छांसह वचन गेलं, पण ते दिवसभरात एकदाही आठवलं नाही, तर आपण फक्त टपाल वाटलं.

पौल म्हणतो, सगळ्याची मोकळीक आहे, पण मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही (१ करिंथ ६:१२). मोबाईलला हीच कसोटी लावा. एक तास तो दुसऱ्या खोलीत ठेवून बघा, हात शिवशिवतो का. शिवशिवत असेल तर तो वेळ तुम्ही खर्च करत नव्हता, तुमच्याकडून काढून घेतला जात होता. आमच्या घरी संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला सगळ्यांचे फोन फडताळात जातात आणि छापील बायबल बाहेर येतं. पहिल्या आठवड्यात मुलं कुरकुरली, आता तीच आठवण करतात.

रविवारी ड्यूटी असते. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, मोडल्याचं पाप लागतं का?

इथे जरा थांबायला हवं, कारण या प्रश्नाने पुष्कळ लोकांना विनाकारण छळलंय.

दहा आज्ञा शास्त्रात दोनदा येतात. निर्गम २० मध्ये विसाव्याचं कारण सृष्टीचं आहे: देवाने सहा दिवसांत सारं केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद ५ मध्ये कारण बदलतं: तू मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतास याची आठवण ठेव. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला थांबता येतं तो मोकळा माणूस. आणि त्याच आज्ञेत लिहिलंय की तुझा दास आणि तुझी दासी यांनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. शब्बाथ पाळणं म्हणजे फक्त मी थांबणं नव्हे, माझ्यासाठी राबणाऱ्यालाही थांबू देणं.

आपल्या महाराष्ट्रात हे नीट समजायला हवं. आज आपण हक्काने रविवारची सुट्टी भोगतो, पण मुंबईच्या गिरण्यांत ती आयती मिळाली नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांसाठी वर्षानुवर्षं ती मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १८९० साली साप्ताहिक सुट्टी पदरात पडली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. पण थकलेल्या मजुराला एक दिवस स्वतःचा मिळावा ही त्यांची मागणी अनुवाद ५ च्या किती जवळची आहे! चर्चमध्ये बसून आपण हे नाव घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता ड्यूटीचं. येशू म्हणाला, शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नव्हे. लूक १३ मध्ये अठरा वर्षं कंबरेत वाकलेली बाई आहे. येशूने तिला शब्बाथ दिवशी सरळ केलं. सभास्थानाचा अधिकारी रागावला: कामाचे सहा दिवस आहेत की, तेव्हा या. ज्या बाईने अठरा वर्षं काढली तिला आणखी एक दिवस थांबवायला त्याला काहीच वाटलं नाही. येशूला वाटलं. तेव्हा रविवारी वॉर्डात रुग्णाचा कूस बदलणारी नर्स, एस.टी. चालवणारा ड्रायव्हर, अग्निशमन दलातला जवान यांनी मनाला लावून घेऊ नये. पण आठवड्यातला दुसरा दिवस ठरवा आणि तो राखा. उपासना चुकली तर बुधवारच्या प्रार्थनासभेला जा. सातही दिवस सारखेच धावपळीचे झाले, तर गुलामी वेगळ्या नावाने परत आली असं समजा.

आणि ज्यांना रविवारी सुट्टी आहे त्यांच्यासाठी: घरकामाला येणाऱ्या मावशींना रविवारची भरपगारी सुट्टी देता का? आज्ञेतली ‘दासी’ आज त्याच आहेत.

मंडळीच्या कामात इतका वेळ जातो की घरचे नाराज असतात. देवाचं काम आधी नको का?

निर्गम १८ वाचा. इस्राएलांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसायचा. सासरे इथ्रो आले, त्यांनी हे पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं: हे बरं नव्हे, तूही झिजशील आणि लोकही. कामं वाटून दे. हा भाग सगळ्यांना माहीत असतो. पण अध्यायाच्या सुरुवातीला इथ्रो कुणाला बरोबर घेऊन आले होते ते आपण घाईत ओलांडून जातो. त्यांच्याबरोबर मोशेची बायको सिप्पोरा होती आणि गेर्षोम, अलियेजर हे दोन मुलगे. मोशेने त्यांना माहेरी पाठवलं होतं. सासऱ्याने आधी बायकोमुलं परत आणून दिली, मग कामाचं बोलणं काढलं.

तरुण संघ, गायनमंडळ, कमिटीची बैठक, उपवास-प्रार्थना, कन्व्हेन्शनची तयारी हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर असेल, तर तो माणूस थोर आहे असं म्हणण्याआधी मंडळीने स्वतःला विचारावं की बाकीचे कुठे आहेत. बहुतेक वेळा सोडून देण्याची भीतीच आड येते. ‘मी नसलो तर होणार नाही’ या वाक्यात थोडी निष्ठा असते आणि बराच अभिमान.

काम करताना माणसं सारखी मध्ये येतात. हा वेळेचा अपव्यय नाही का?

मार्क ५. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात. येशू निघालाय. वाटेत बारा वर्षं रक्तस्रावाने गांजलेली बाई मागून येऊन वस्त्राला शिवते. बरी होते. आता पुढे जायला काहीच हरकत नव्हती, पण येशू थांबतो, कोण शिवलं विचारतो, आणि ती सगळं सांगेपर्यंत ऐकत राहतो. याईराच्या जागी स्वतःला उभं करून बघा, त्या क्षणांचं ओझं कळेल. तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली. आणि तरीही येशूला उशीर झालेला नसतो.

प्रत्येक व्यत्यय देवाने पाठवलेला असतो असं मी म्हणणार नाही. कफर्णहूमात येशू गर्दीला सोडून गेलाच होता. पण दारात उभ्या असलेल्या माणसाकडे बघायच्या आधीच ‘नंतर या’ म्हणायची सवय लागली असेल, तर कैरोस तिथून निघून जातो.

तातडीची कामं संपतच नाहीत. मोठं, दीर्घ काम कधी करायचं?

पंडिता रमाबाईंचं आयुष्य यासाठी बघावं. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, बालविधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. तिथे उद्यावर टाकण्यासारखं काहीच नव्हतं; एक आठवडा म्हणजे कुणाचा तरी जीव. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचं काम हाती घेतलं. ते वर्षानुवर्षं चाललं. शेकडो माणसांचा संसार सांभाळत, ऐकू येणं कमी होत गेलेलं असताना, त्या ओळीमागून ओळ लिहीत राहिल्या. छपाईचे खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका होत्या. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. काम त्याआधी हातावेगळं झालं होतं.

दुष्काळात धावणारी आणि शब्दासाठी तासन्‌तास थांबणारी बाई एकच होती. तातडीचं काम आपल्याला शोधत येतं. दीर्घ कामासाठी रोजची एक ठरलेली जागा लागते, अर्ध्या तासाची का असेना.

लहान बाळ किंवा अंथरुणाला खिळलेले सासू-सासरे असल्याने काहीच ‘सेवा’ होत नाही.

जे चाललंय तीच सेवा आहे. मत्तय २५ मध्ये न्यायाच्या वेळी राजा भाषणांचा हिशेब विचारत नाही. जेवू घातलं का, कपडे दिले का, आजारपणात आलात का, एवढंच विचारतो. मंडळीने अशा घरी महिन्यातून एकदा कुणाला तरी पाठवावं. भाषणाला नको, दोन तास आजाऱ्याजवळ बसायला, म्हणजे त्या सुनेला बाहेर पडता येईल.

विश्रांती आणि आळस यांत फरक कसा ओळखायचा?

उठल्यावर ओळखू येतो. विश्रांतीनंतर माणूस कामाकडे वळतो, आळसानंतर आणखी आळसाकडे. नीतिसूत्रे आळशाला मुंगीकडे पाठवतं, आणि तेच शास्त्र स्तोत्र १२७ मध्ये झोपेला देवाचं दान म्हणतं. संदेष्टा एलीया खचून झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर दिली, पुन्हा झोपू दिलं (१ राजे १९). बोलणं नंतर झालं.

येशू लवकर येणार आहे. मग शिक्षण, घर, बचत यात वेळ का घालवायचा?

थेस्सलनीकात हाच विचार करून काहींनी काम सोडलं होतं. पौलाने त्यांना शांतपणे काम करून स्वतःची भाकर खायला सांगितलं. तो स्वतः तंबू शिवत होता. धनी कधी येईल हे माहीत नसलेल्या चाकराने काय करावं? नेमून दिलेलं काम.

स्पर्धा परीक्षेची चार वर्षं गेली, नोकरी नाही, लग्न ठरत नाही. हा वेळ देवाने का घालवला?

घाईत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. मिसरातल्या तुरुंगात पडलेल्या योसेफाचं मात्र आठवतं. तिथला राजा फारो याच्या प्यालेबरदाराने त्याला ‘फारोला सांगतो’ म्हटलं आणि विसरला. उत्पत्ती ४१ ची सुरुवात पूर्ण दोन वर्षांनी होते. त्या दोन वर्षांविषयी शास्त्र एक ओळही लिहीत नाही. तुरुंगातल्या दिवसाला ओळ लिहिण्यासारखं काही नसतंच. पण योसेफ बाहेर आला तेव्हा त्याला स्वप्नाचा अर्थही सांगता आला आणि धान्याची कोठारंही सांभाळता आली. कारभार तो आधीचा धनी पोटीफर याच्या घरी आणि तुरुंगातच शिकला होता.

पुण्याच्या अभ्यासिकेत बसलेल्या आमच्या मुलांना मी दोन गोष्टी सांगतो. वाट बघताना जे काम समोर येईल ते हलकं मानू नका. आणि किती प्रयत्न करायचे ती मर्यादा आधी ठरवा, घरच्यांशी बोलून. थांबणं म्हणजे हरणं नव्हे. दुसरं दार ठोठावायलाही विश्वास लागतो.

दारूत, भांडणात, देवापासून दूर वीस वर्षं गेली. आता काय उपयोग?

योएल २:२५ मध्ये देव म्हणतो की टोळांनी खाल्लेल्या वर्षांची मी भरपाई करीन. पीक नव्हे, वर्षं. मत्तय २० मध्ये संध्याकाळी पाचला कामावर घेतलेले मजूर आहेत. आपल्याकडे सकाळी मजूर नाक्यावर उभे असतात तसे ते दिवसभर उभे होते, कुणीच नेलं नव्हतं. मालक तेव्हाही बाहेर पडून त्यांना शोधतो आणि पूर्ण रोजी देतो.

पण खोटं आश्वासन मला द्यायचं नाही. मुलाचं बालपण परत येत नाही. क्षमा मिळते, ती वर्षं तशीच्या तशी मिळत नाहीत, आणि घरच्यांचा विश्वास परत यायला त्यांना जेवढा वेळ लागेल तेवढा द्यावा लागतो. ‘मी आता बदललोय’ असं सांगू नका. रोज संध्याकाळी वेळेवर घरी या. सहा महिने या.

रिटायर झालो. आता आपलं काय काम?

मंदिरातली हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि बाळ येशूला ओळखणाऱ्यांत ती होती. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांना लग्नापूर्वी अक्षरओळख नव्हती. १९१९ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक गेले तेव्हा ख्रिस्तजीवनावरचं त्यांचं महाकाव्य अर्धवट होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं, उतारवयात. मंडळीतल्या ज्येष्ठांना माझी एकच विनंती असते: शब्बाथशाळेतल्या एका मुलाचं नाव घ्या आणि त्याला ओळखा. त्याच्या आईवडिलांपाशी जे नाही ते, म्हणजे निवांतपणा, तुमच्यापाशी आहे.

एखाद्याशी बोलणं तुटलंय. योग्य वेळ आली की जाईन, असं म्हणतो. चालेल का?

पौलाचं शेवटचं पत्र त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला आहे. तुरुंगातून लिहिलेलं. त्यात मोठी शिकवण आहे, आणि शेवटी साधे निरोप आहेत: त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. मार्कालाही बरोबर घेऊन ये. या मार्काने पूर्वी एकदा पौलाची साथ अर्ध्यावर सोडली होती आणि त्यावरून पौलाचं सोबती बर्णबाशी कडाक्याचं वाजलं होतं. आता पौलालाच तो हवा आहे.

मग एक छोटं वाक्य येतं: हिवाळ्यापूर्वी येण्याचं कर (२ तीमथ्य ४:२१). भूमध्य समुद्रात त्या काळी हिवाळाभर जहाजं जवळजवळ बंद असत. शेवटचं जहाज चुकलं की वसंतापर्यंत वाट, आणि पौलापाशी वसंत होता की नाही त्याला माहीत नव्हतं.

पत्र तीमथ्याच्या हातात पडलं असेल तेव्हा त्याच्याही पुढ्यात मंडळीची कामं होती, वाद होते, लोक होते. तो वेळेत पोहोचला की नाही, हे शास्त्रात कुठेच लिहिलेलं नाही.